शेड नंबर म्हणजे लॉट नंबर नव्हे!

तुळशीबागेतून परवा आणलेली मरून लोकर. पंचवीस ग्रॅमचे आठ गुंडे, लेग वॉर्मरच्या, म्हणजे घोट्यापासून पोटरीवर चढवायच्या विणलेल्या नळ्यांच्या, एका जोडीला बरोबर पुरणारे. पहिला लेग वॉर्मर पूर्ण, दुसरा अर्ध्यावर, आणि सकाळच्या उन्हात गॅलरीत धरला तर दहा सेंटिमीटरवर आडवी रेघ! खाली मरून, वर विटकरीकडे झुकलेला मरून. लेबलं तपासली. शेड नंबर आठही गुंड्यांवर तोच. लॉट नंबर पाचांवर एक, तिघांवर दुसरा.

दुकानात दाखवायला गेलं तर उत्तर काय? "नंबर सेमच आहे की, ताई." अहो, तो शेड नंबर! ते रंगाचं नाव झालं. लॉट म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेली लोकर. चकलीचा पहिला आणि तिसरा घाणा एका रंगाचा निघतो का? मग लोकरीचा कसा निघेल? दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे सारखेच दिसतात, म्हणून तर लेबलावर नंबर छापतात. तो वाचायला दहा सेकंद लागत नाहीत. आणि वर "पायातच तर घालायचं, कोण बघतंय?" संताप होतो हे ऐकून. चाळीस सेंटिमीटर विणकाम काय कुणी न बघण्यासाठी करतं?

आणि सुया! नंबर पुसलेल्या, नाहीतर मुळात न छापलेल्या. आपल्याकडचा आठ नंबर जुन्या ब्रिटिश मापाचा, म्हणजे 4 मिमी. अमेरिकन आठ नंबर 5 मिमीचा. व्हिडिओवाल्या सरळ "आठ नंबर घ्या" म्हणून मोकळ्या होतात, कुठला आठ ते सांगत नाहीत. फरक किती पडतो बघा. डबल निट म्हणतात त्या मध्यम जाडीच्या लोकरीत 4 मिमीवर दहा सेंटिमीटरला साधारण 22 टाके बसतात, 5 मिमीवर 18. त्याच 72 टाक्यांचा घेर 33 सेंटिमीटरवरून थेट 40 वर जातो. पोटरी 36 ची असेल तर तो लेग वॉर्मर सिंहगड रोडच्या पहिल्या सिग्नलला घोट्यावर येऊन पडणार. मग म्हणायचं, वरून इलॅस्टिक घाला! इलॅस्टिक कशाला? पोटरीच्या मापातून दहा टक्के वजा करा, आधी विणलेल्या नमुन्याच्या तुकड्यात सेंटिमीटरला जितके टाके बसतात तितक्यांनी गुणा, चारच्या पटीत आणा. 36 चे झाले 32, त्याचे 72 टाके. दोन सुयांवर विणून शिवणार असाल तर 74, म्हणजे दोन सुलट दोन उलट करताना सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे सुलट येतात आणि शिवणीत एकेक टाका गेला तरी रीब, म्हणजे ही उभ्या पट्ट्यांची ताणणारी वीण, तुटत नाही. घोट्याचे पहिले सहा सेंटिमीटर दहा नंबरच्या, म्हणजे बारीक, सुईवर, पुढचं आठवर. झालं! पण "गरजेप्रमाणे टाके घ्या" असं लिहिणाऱ्यांना हे दोन ओळींत सांगता येत नाही.

नमुनाही एक ओळ सुलट, एक उलट असा सपाट विणूनच मोजायचा. रीब आक्रसते, तिच्यावर पट्टी ठेवून काही कळत नाही. आणि बारा सेंटिमीटरचा विणून मधले दहा मोजा. कडेचे टाके नेहमी खोटं बोलतात.

टाके बंद करणं हा आणखी एक छळ. घट्ट बंद केले की वरची कड पोटरीत रुतते, लाल वळ उठतो, आणि दोष मात्र लोकरीला. सात नंबरची, म्हणजे आठपेक्षा जाड, सुई घ्या त्या एका ओळीला, एवढंच.

इस्त्रीबद्दल तर बोलूच नये. ॲक्रिलिकच्या रीबवर गरम इस्त्री फिरवली की ती कायमची मेली. ताण गेला, पुन्हा येत नाही. खरी लोकर असेल तर गरम पाणी आणि मशीन, दोन्ही बंद. आटून नमद्यासारखी होते. कुठली लोकर आहे ते दुकानदाराला विचारू नका, "प्युअर वूल" सगळेच म्हणतात. धाग्याचा तुकडा जाळा. जळक्या केसांचा वास आणि बोटांत चुरडणारी राख म्हणजे लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

आता या मरूनचं एकच करता येतं. पहिला वरून पंधरा सेंटिमीटर उसवायचा, दुसरा रेघेपर्यंत. दोन्हीकडे पहिल्या लॉटचे अडीच-अडीच गुंडे खाली, दुसऱ्याचे दीड-दीड वर. जोडावर सहा सेंटिमीटर दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या, म्हणजे रेघ विरून जाते. चार संध्याकाळचं काम वाया, एका न वाचलेल्या नंबरापायी.