एस्टरचं नाव ‘दहा सेकंदांत’? आधी ऑक्सिजनपाशी थांबा

परीक्षा जवळ आली की एक युक्ती फिरायला लागते: ‘सर्वांत लांब साखळी धरा, एका टोकापासून सलग क्रमांक टाका, गट वर्णक्रमाने लिहा, शेवटी ‘ओएट’ प्रत्यय लावा. झालं एस्टरचं नाव!’ ही युक्ती अल्केनची (फक्त कार्बन-हायड्रोजनच्या, एकेरी बंधांच्या संयुगांची) आहे, एस्टरच्या गळ्यात बांधलेली. एस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल मिळून बनलेलं संयुग; त्याचे दोन भाग मधल्या ऑक्सिजनने जोडलेले असतात.

लांब साखळी? एस्टरमध्ये लांबीला किंमतच नाही. संत्र्याच्या वासाचं ऑक्टाइल इथेनोएट घ्या. अल्कोहोलकडे ८ कार्बन, आम्लाकडे २. तरी ओएट आम्लाकडच्या त्या दोन कार्बननाच. कार्बोनिल कार्बन (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला) ज्या बाजूला, ती आम्लाची बाजू आणि ती नावात शेवटी. रचना कागदावर उलटी काढली असली तरीही. डावं-उजवं पाहून नाव दिलं की इथाइल इथेनोएटचं मिथाइल प्रोपेनोएट व्हायला वेळ लागत नाही.

सलग क्रमांक? खरा घोटाळा इथे आहे. कार्बनची साखळी ऑक्सिजनपाशी तुटते, म्हणून मोजणी दोनदा, दोन्हीकडे १ पासून. आम्लाकडे कार्बोनिल कार्बन १. अल्कोहोलकडे ऑक्सिजनला जोडलेला कार्बन १. इथाइल ३-मिथाइलब्युटेनोएट आणि केळ्याच्या वासाचं ३-मिथाइलब्युटाइल इथेनोएट: दोघांतही ७ कार्बन, १४ हायड्रोजन, २ ऑक्सिजन, फांदीही ३ वरच. फरक एवढाच, की पहिल्यात ती आम्लावर आहे, दुसऱ्यात अल्कोहोलवर. क्रमांक कोणत्या शब्दाला चिकटलाय, यावरच सगळं ठरतं. बेंझीन वलय असेल तर कार्बोनिल कार्बन मोजायचा नाही. तो वलयातल्या ज्या कार्बनला जोडलेला, तो १. मलमातलं मिथाइल सॅलिसिलेट म्हणून मिथाइल २-हायड्रॉक्सिबेंझोएट.

वर्णक्रम? तो प्रत्येक भागाच्या आत. इंग्रजी वर्णक्रमात क्लोरो मिथाइलच्या आधी येतो म्हणून ‘३-क्लोरोमिथाइल ब्युटेनोएट’ लिहिलंत तर चूक. बरोबर नाव मिथाइल ३-क्लोरोब्युटेनोएट. दोन शब्दांमधली मोकळी जागाही गाळू नका. ‘मिथाइल ब्युटेनोएट’ हे एस्टर, पण ‘२-मिथाइलब्युटेनोएट’ जोडून लिहिलं की तो आम्लाचा आयन झाला.

शेवटी ओएट? बहुतेक वेळा, हो. पण त्याच रेणूत कार्बॉक्सिलिक आम्ल असेल तर मान आम्लाचा, आणि एस्टर उपसर्गात जातं. अ‍ॅस्पिरिन त्यामुळेच २-अ‍ॅसिटिलॉक्सिबेंझोइक आम्ल. त्यात एस्टर असूनही नावात ओएट कुठेच नाही.