गंगावेशीतला पेला

मटणाचा तांबडा रस्सा मी वाट्यांवर वाट्या रिचवतो, पण मला दूध पचत नाही. कोल्हापुरात राहून ही गोष्ट मी आजवर घराबाहेर कळू दिली नव्हती.

परवा रात्री मामानं गंगावेशीत गाठलं. दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या. गवळ्यानं समोरच धार काढली, मामानं दोन चमचे साखर घातली आणि फेसाळता पेला माझ्या हातात आला. मामा जुना पैलवान, कान मोडलेले. "पी लेका. सवयीनं दगड पचतोय."

विकरं, म्हणजे अन्न फोडणारी शरीरातली एन्झाइम्स, मात्र सवयीला जुमानत नाहीत. दुधातली साखर, लॅक्टोज, म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडगोळी. लहान आतड्यातल्या लॅक्टेज या विकराच्या खाचेत ती बसली, की सांधा सुटतो. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 1894 साली याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. 1958 मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ डॅनियल कॉशलंड म्हणाले, कुलूप एवढं ताठ नसतं. रेणू आला की विकर जरा वाकून त्याला धरतं. नवी कोल्हापुरी चप्पल पायाला धरते तसं, फक्त आठवडाभर न चावता.

वरून घातलेली साखर माझ्या सुक्रेज या विकरानं लगेच फोडली. शेजारच्या लॅक्टोजकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. आणि लॅक्टेज? त्यानं माझं लहानपण सरता सरताच गाशा गुंडाळायला घेतला होता.

मामा तिथंच कट्ट्यावर एक जुनी कुस्ती सांगत बसला. तासाभरानं त्याचा गडी चीत झाला आणि माझ्या पोटात पहिली गुरगुर उठली. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरलं होतं, आणि तिथल्या जंतूंनी जत्रा भरवून गॅसचे फुगे सोडले होते. रिक्षात मी गुडघे जुळवून, दांडा घट्ट धरून बसलो. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "भावा, खड्डं चुकवू का?"

दुसऱ्या दिवशी मामाला समजावलं. भातातला स्टार्च आणि कडब्यातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. फक्त सांधा वेगळा. म्हणून आपलं अमायलेज हे विकर भात फोडतं, कडब्याला हात लावत नाही. म्हशीकडंही कडबा फोडणारं स्वतःचं विकर नसतं, तिच्या पोटातले जंतू ते काम करतात. दह्यातले जंतू मला तशीच मदत करतात, म्हणून मला दही चालतं.

मामा बराच वेळ मिशीवर बोट फिरवत राहिला.

"म्हंजे तुझी न् म्हशीची गत एकच. पर ती दूध तरी देती."