‘फक्त आकृत्या सोडवा’ : नवोदयच्या मुलांना मिळालेला घातक सल्ला

पाचवीतल्या माझ्या भाचीने मराठीचा सराव थांबवला आहे, कारण यवतमाळ जिल्ह्यातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा एक संदेश तिच्या वडिलांपर्यंत पोहोचला. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत निम्मे गुण बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्यांच्या प्रश्नांचे, असल्याने शेवटचे दोन महिने फक्त आकृत्या सोडवाव्यात, मराठी आपलीच भाषा असल्याने तिला वेळ देऊ नये, गणिताची सूत्रे पाठ करावीत आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात असल्याने शंका असलेला प्रश्न सोडून द्यावा, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. लिहिणाऱ्याने नवोदय विद्यालय समितीचे माहितीपत्रक उघडून पाहण्याचेही कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

निम्म्या गुणांची गोष्ट खरी आहे, एवढे मान्य करावे लागते. एकूण 80 प्रश्नांपैकी 40 आकृत्यांचे, 20 अंकगणिताचे आणि 20 भाषेचे असतात. परंतु प्रश्न कोणत्याही विभागातला असो, त्याला गुण सव्वाच मिळतो. समजा, एखाद्या मुलीच्या 40 पैकी 34 आकृत्या बरोबर येतात आणि भाषेचे 20 पैकी 9 प्रश्न; तर आकृत्यांत तिला आणखी फार तर साडेसात गुण वाढवता येतील, भाषेत मात्र पावणेचौदा गुण शिल्लक आहेत. आपल्या लेकराचे गुण नेमके कुठे जातात, हे घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घेतली तरी कळते.

सर्वांत जास्त नुकसान ‘आपलीच भाषा’ या वाक्याने होणार आहे. आमच्या घरांत वऱ्हाडी बोलतात, झरी जामणी आणि मारेगावकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कोलामी, तर अनेक गोंड कुटुंबांत गोंडी. उताऱ्यातली प्रमाण मराठी या मुलांना मुख्यतः शाळेतच भेटते. त्यातच कापसावरचा उतारा आला, तर उताऱ्यात काय लिहिले आहे ते न पाहता घरच्या वावरात पाहिलेले उत्तर मूल निवडते आणि ते चुकते. त्यासाठी रोज एक उतारा मोठ्याने वाचून घ्यावा आणि प्रत्येक उत्तर कोणत्या ओळीत आहे, त्यावर मुलाला बोट ठेवायला लावावे. अंकगणितातली शाब्दिक उदाहरणेही याच मराठीत असतात. उदाहरणच समजले नाही, तर पाठ केलेले सूत्र लावणार कशाला?

गुण कापण्याचा दावा तर साफ खोटा आहे. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. म्हणून ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी निदान गुण कापले जात नाहीत, ही एक दुरुस्ती तरी त्याच गटांत आजच टाकावी.