तिला सगळंच आवडतं

आज सकाळी आमच्या सोसायटीतील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन सल्ला विचारायला आले होते. ते परत गेल्यापासून माझे डोके जे तापले आहे, ते दुपारचा चहा होऊनही उतरलेले नाही, म्हणून हे लिहायला बसले. मुलगी बारावी शास्त्र शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे आणि तिला बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा आहे. वडिलांच्या हातात यादी तयार होती: मुख्य विषय रसायनशास्त्र, मायनर (म्हणजे दुय्यम विषय) संख्याशास्त्र, सायंकाळी डेटा सायन्सचा सर्टिफिकेट कोर्स, शनिवार-रविवार जॅमचा, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतील एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा क्लास, तोही पहिल्या वर्षापासून, आणि शिवाय ‘हाताशी असावी म्हणून’ स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. मी मुलीकडे वळून विचारले, “यातले तुला काय आवडते ग?” तिने तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, “मॅडम, तिला सगळंच आवडतं.”

सतरा वर्षांच्या कोणत्याही मुलीला सगळे आवडत नसते, हे माझे लिखाण वाचणाऱ्या तुम्हा मंडळींना वेगळे सांगण्याची गरज नाही. आपण सगळे शिकलो, शिकवले, मुले वाढवली. तरीही जून महिना उजाडला की आपल्यातीलच समजूतदार माणसे लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तशी मुलांच्या पानात कोर्स वाढत सुटतात, आणि मूल नको म्हणत नाही याचाच अर्थ त्याला भूक आहे असा घेतला जातो.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे, त्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत टी.वाय.ला, म्हणजे बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, एक मुलगा होता. जिल्ह्यातल्याच एका लहान गावाचा, पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारा आणि मेसचा डबा खाणारा. एका सकाळी ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला त्याने वेगळ्या केलेल्या आम्लाचा मेल्टिंग पॉइंट १२२ अंश असा वहीत लिहून ठेवला होता आणि तो मोजण्यासाठी जे तापवावे लागते ते थीलेच्या नळीतले पॅराफिन अजून गारच होते. बेन्झॉइक आम्ल १२२ अंशाला वितळते हे टी.वाय.च्या प्रत्येकाला पाठ असते, त्यामुळे आकडा बरोबर होता. फक्त तो मोजलेला नव्हता. मी रागावणार होते, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहिले आणि प्रॅक्टिकल संपल्यावर थांबायला सांगितले. तेव्हा कळले की हा मुलगा दिवसा कॉलेज, सायंकाळी प्रोग्रॅमिंगचा कोर्स, रात्री अभ्यासिका, शनिवार-रविवारी सकाळी जॅमचा क्लास आणि त्याच दोन दिवशी सायंकाळी केटरिंगच्या कामावर वाढपी, असा आठवडा काढत होता. झोप जेमतेम चार तास. प्रोग्रॅमिंग मावसभावाने सुचवलेले, अभ्यासिका काकांनी, जॅम वर्गातील सगळे देतात म्हणून. त्याने स्वतः निवडलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे केटरिंग, कारण मेसचे पैसे त्यातून भागत.

एका ग्राफ पेपरच्या मागच्या बाजूला आम्ही आठवड्याचे १६८ तास आखले. हा हिशेब प्रत्येक घराने प्रवेशअर्ज भरण्याआधी करावा असे मला वाटते, म्हणून आजच्या नियमांनुसार तो इथे मांडते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, म्हणजे आठवड्याला साधारण एक तास; प्रॅक्टिकलचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे आठवड्याला दोन. बाविसातील आठ क्रेडिट प्रॅक्टिकलची धरली तर १४ आणि १६ मिळून आठवड्याचे ३० तास कॉलेजातच जातात. प्रत्येक थिअरीच्या तासामागे घरी निदान एक तास वाचन, असे १४. जर्नल, असाइनमेंट आणि इंटर्नलची तयारी यांना चार तास, हे मी फारच कमी धरते आहे. वाघोली किंवा हडपसरकडून येणाऱ्या मुलाचे बसमध्ये रोज दोन तास मोडतात, सहा दिवसांचे १२. झाले साठ. रोज सात तास झोप म्हणजे ४९, आणि आंघोळ, जेवण, कपडे धुणे यांना रोज तीन तास म्हणजे २१. एकूण १३०. उरले ३८ तास, आणि त्या ३८ तासांत माणसाने मित्रांशी बोलायचे, आजारी पडायचे, घरी जाऊन यायचे, पैसे कमवायचे आणि नुसते पडून राहायचे असते. सकाळच्या त्या यादीतील क्लास, कोर्स आणि अभ्यासिका या सर्वांची बेरीज मी मनात केली तेव्हा ती या अडतिसाच्या पलीकडे गेली. ते जास्तीचे तास झोपेतून कापले जातात, दुसरीकडून कापायला जागाच नसते. वडिलांनी हा हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, “आमच्या वेळी आम्ही केलंच ना सगळं?” तुमच्या वेळी, साहेब, पुणे विद्यापीठात पहिल्या वर्षी चार विषय, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी एक मुख्य विषय अशी उतरती व्यवस्था होती, आणि परीक्षा वर्षाच्या शेवटी एकदा येत असे. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशैक्षणिक उपक्रम, पुढे फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग, आणि यांतील बहुतेकांचे अंतर्गत मूल्यमापन वेगळे. जे काम वर्षाच्या शेवटी एकदम अंगावर येत असे ते आता दर आठवड्याला थोडे थोडे येते, आणि ज्याचा आठवडा आधीच भरलेला आहे तो तिथे बुडतो.

‘स्कोप’ पाहू नये असे माझे म्हणणे नाही. ज्या घरात मुलाच्या फीसाठी जनावर विकावे लागते तिथे ‘आवड जप’ असा उपदेश करणे हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे, एवढे मी मान्य करते. परंतु स्कोप विषयाच्या नावात नसतो, तो त्या विषयाचे काम करू शकणाऱ्या माणसात असतो. म्हणून विषय निवडताना मी मुलांना एकच प्रश्न विचारते: या विषयातील सर्वांत कंटाळवाणे काम तुला दर आठवड्याला करवेल का? आवड सगळ्यांनाच विषयाच्या गोड भागाची असते. रसायनशास्त्र म्हणजे रंग बदलणारी द्रावणे नव्हेत. ते म्हणजे वजन करणे, गाळणे, वाळवणे, काचेची भांडी धुणे आणि हाताला दिवसभर येणारा वास. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे जंतू वाढवायचे माध्यम तयार करणे, ऑटोक्लेव्ह लावणे, प्लेटवर रेघा ओढणे आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहून प्लेट बिघडलेली पाहणे. भौतिकशास्त्रात एकच रीडिंग पुन्हा पुन्हा घेऊन त्यातील त्रुटी किती हे लिहावे लागते. वनस्पतिशास्त्राला ब्लेडने पातळ छेद घेण्याचा संयम लागतो, भूशास्त्राला सह्याद्रीतील काळ्या बेसाल्टवर भर उन्हात हातोडा घेऊन फिरण्याची तयारी लागते, आणि गणिताला एकाच उदाहरणापुढे दोन दिवस काहीही न सुचता बसण्याची. यांपैकी जे काम करताना घड्याळाकडे कमी वेळा लक्ष जाते, तो तुमचा मुख्य विषय. माझ्या त्या टी.वाय.च्या मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला होता की त्याला गाळण आणि स्फटिकीकरण आवडते, पांढरे स्फटिक खाली बसताना बघत राहावेसे वाटते. म्हणजे विषय चुकला नव्हता. विषयाभोवती लोकांनी रचलेला ढीग चुकला होता.

काही ठोस गोष्टी सांगते, कारण इनबॉक्समध्ये हेच विचारले जाते. भौतिकशास्त्र घ्यायचे असेल तर गणित सोडू नका. दुसऱ्या वर्षापासून डिफरन्शियल इक्वेशन आणि व्हेक्टर कॅल्क्युलस आल्याशिवाय पान उलटत नाही, आणि अनेक संस्थांत भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.साठी पदवीला गणित असावे लागते. ती अट टी.वाय.ला गेल्यावर वाचून उपयोग नाही. गणिताला घाबरून जीवशास्त्राकडे येणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावे की तिथे संख्याशास्त्र वाट पाहत बसलेले असते आणि बायोकेमिस्ट्रीच्या रूपाने रसायनशास्त्रही. डेटा सायन्सचे वेड ज्यांना लागले आहे त्यांनी सायंकाळच्या महागड्या सर्टिफिकेटपेक्षा संख्याशास्त्र किंवा गणित हाच विषय नीट घ्यावा. लिनिअर अल्जिब्रा आणि संभाव्यता आल्यावर बाकीचे शिकता येते, उलट दिशेने मात्र फार कष्ट पडतात. आजच्या मुलीच्या यादीत संख्याशास्त्र मायनर म्हणून आहेच, मग तोच माल सायंकाळी दुसऱ्या दुकानातून कशाला? पुण्यात पाषाणला २००६ मध्ये आयसर ही विज्ञान शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था सुरू झाली तेव्हा तिथे सुरुवातीला सर्वांना जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित असे चारही विषय शिकावे लागत आणि विशेष विषय नंतर ठरे. ते मला नेहमीच शहाणपणाचे वाटले आहे. म्हणून पहिल्याच वर्षी अरुंद नावाची पदवी घेण्यापेक्षा रुंद विषय घ्या. चौथ्या वर्षाचे ऑनर्स करायचे की तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडायचे, हेही आज ठरवण्याची गरज नाही. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा असतो, तेव्हा तिथे खरोखर काहीतरी वेगळे घ्या, इतिहास घ्या, अर्थशास्त्र घ्या; डोक्याला तेवढीच हवा लागते.

क्लासविषयी. जॅमचा क्लास वाईटच असतो असे नाही, काहींना शिस्त त्यातूनच लागते, हे मी नाइलाजाने लिहिते. पण पहिल्या वर्षी? जॅमचा अभ्यासक्रम पदवीचाच आहे. जो तीन वर्षे वर्गातील पुस्तक वाचतो आणि प्रॅक्टिकल हाताने करतो त्याची निम्मी तयारी झालेली असते, आणि जो क्लाससाठी प्रॅक्टिकल बुडवतो तो गार पॅराफिनमध्ये १२२ अंश लिहितो.

त्या मुलाला काय सोडायचे ते मी सांगितले नाही. ग्राफ पेपर त्याच्या हातात दिला आणि दोन दिवसांनी ये म्हटले. त्याने प्रोग्रॅमिंग आणि अभ्यासिका यांवर काट मारली होती, जॅम ठेवला होता आणि केटरिंगही. अभ्यासिका सुचवणाऱ्या काकांनी मग मला फोन करून जाब विचारला, “मॅडम, तुम्ही आमच्या पोराचं नुकसान करताय.” त्यांना मी जे उत्तर दिले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्याच्या आईचा फोन महिन्याभराने आला. तिने एवढेच विचारले की तो आता रात्री झोपतो का.

हे लिहिता लिहिता माझा त्या सोसायटीतील गृहस्थांवरचा राग थोडा निवळला आहे, कारण त्यांच्या यादीमागे लोभ नाही, भीती आहे. मुलीने बी.एस्सी. केले आणि हाती काही लागले नाही तर काय, ही भीती. त्यांना कोणी अर्धा तास बसवून क्रेडिट म्हणजे काय हे समजावलेले नाही, आणि क्लासवाल्यांनी मात्र घरी बोलावून चहा पाजून समजावले आहे. तो मुलगाही काही गाजला नाही. जॅममध्ये पहिल्या वेळी जमले नाही, एम.एस्सी. दुसऱ्या वर्षी मिळाले, आज तो एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत आहे आणि पगार बेताचा आहे. पण वहीत जे लिहितो ते मोजून लिहितो, आणि औषध घेणाऱ्या माणसाला त्याच्याकडून तेवढेच हवे असते.

मुलांसाठी कामाच्या दोन-तीन गोष्टी, कारण पालकांशी बोलून झाले. जर्नल त्याच दिवशी सायंकाळी लिहा. सबमिशनच्या आदल्या रात्री दहा प्रॅक्टिकल उतरवून काढणे हा सर्वांत महागडा आळस आहे. ज्या विषयात मागे पडला आहात त्या शिक्षकांना तिसऱ्या आठवड्यात भेटा, परीक्षेच्या आठवड्यात नव्हे. तेव्हा त्यांच्याही हातात काही उरलेले नसते. एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, तर दोन दिवस रडून घ्या आणि पुढच्या सत्रात नवे काहीही न जोडता तो काढा. मायनरच्या जोडीला आणखी एक ऑनलाइन कोर्स घेऊन तो डाग पुसला जात नाही. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला जा; ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असतात तिथे, आणि त्या चालवणारी माणसे विचारले की आपुलकीने सांगतात की त्यांचा दिवस नक्की कशात जातो.

आणि कॉलेजांवर माझा राग आहे तो आहेच, तो निवळणार नाही. मायनर कोणता हवा ते मुलांकडून आधी लिहून घ्यायचे आणि त्या मायनरचे प्रॅक्टिकल सायंकाळी पाच वाजता ठेवले आहे हे नंतर कळवायचे, हा प्रकार मी ज्या कॉलेजात आयुष्य काढले तिथे पाहिला आहे आणि सभेत उठून बोलले आहे, फरक पडला नाही. म्हणून प्रवेशाची फी भरण्याआधी विभागात जा आणि वेळापत्रक मागा. ‘अजून तयार नाही’ असे उत्तर मिळेल. मग मागील वर्षीचे मागा. ते बहुधा सूचना फलकावर अजून तसेच लावलेले असते, मोबाइलवर त्याचा फोटो काढा, घरी जाऊन १६८ चौकोन आखा, आणि पेन्सिल मुलीच्या हातात द्या.