चोवीस-एकवीस

परवा आमच्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर कुणीतरी ती क्लिप पुन्हा टाकली. पॅरिस ऑलिंपिक, पुरुषांचा व्हॉलीबॉल, उपांत्यपूर्व फेरी, जपान विरुद्ध इटली. पहिले दोन सेट जपानच्या खिशात, तिसऱ्यात जपान २४, इटली २१. खाली लगेच पहिली कॉमेंट, 'हातातली मॅच घालवली लेकाच्यांनी.' दुसरी, 'चोकर्स', म्हणजे ऐन वेळी घाबरून कच खाणारे. तिसऱ्यानं नुसता कपाळावर हात मारलेला इमोजी. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि चार ओळींनंतर लक्षात आलं, हे तिथं मावायचं नाही. म्हणून इथं लिहितोय. लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

५ ऑगस्ट २०२४. पहिला श्रावणी सोमवार, त्यामुळे तारीख पक्की लक्षात आहे. साबुदाण्याची खिचडी खाऊन, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो होतो. बायको दोनदा येऊन विचारून गेली, आपली मॅच आहे का? आपली कुठली. भारताचा पुरुष संघ आजवर एकदाही ऑलिंपिकला गेलेला नाही. पण जपानची मॅच मला आपली वाटते, आणि त्याला कारण आहे मासाहिरो सेकिता. जपानचा सेटर, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला बॉल चढवून देणारा. उंची १७५ सेंटिमीटर. म्हणजे आपल्याकडं बँकेच्या रांगेत पुढं उभा असला तर वेगळा दिसणार नाही. समोर इटलीचा सेटर सिमोने जानेल्ली, जवळपास दोन मीटर. मी स्वतः आयुष्यभर लिफ्टर. (आमच्या भागात सेटर हा शब्द फार उशिरा आला. लिफ्टरच म्हणायचे.) उंची कमी म्हणूनच मला लिफ्टर केलेलं. तेव्हा माझं मत कुणाच्या पारड्यात जाणार हे सांगायला नको.

पहिला सेट जपाननं २५-२० घेतला, दुसरा २५-२३. त्या दोन सेटमध्ये जपान जे खेळलं ते व्हॉलीबॉल शिकणाऱ्या प्रत्येक पोरानं बघावं. इटलीच्या पोरांनी जीव खाऊन मारलेला बॉल जपानी जमिनीला लागूच देत नव्हते. कुणीतरी आडवा पडून उचलायचा, सेकिता कुठूनतरी धावत बॉलखाली यायचा, आणि पलीकडं ब्लॉकला दोन माणसं उडेपर्यंत बॉल तिसऱ्याकडं गेलेला असायचा. कप्तान युकी इशिकावा त्या दिवशी एकट्यानं ३२ गुण घेऊन गेला. बत्तीस! डावखुरा निशिदा दुसऱ्या बाजूनं तोफ डागत होता.

आणि मग २४-२१.

आता गणित सांगतो, कारण 'चोकर्स' म्हणणाऱ्यांनी ते केलेलं नसतं. २४-२१ म्हणजे सामना जिंकायच्या तीन संधी. वरच्या पातळीवरच्या पुरुष व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस करणाऱ्यापेक्षा सर्व्हिस घेणाऱ्या संघाला गुण मिळण्याची शक्यता जास्त, कारण पहिला हल्ला त्याचा. आधीचा गुण कुणीही घेतलेला असो, त्या तीन संधींपैकी कमीत कमी दोन वेळा जपान सर्व्हिस घेणार होतं. म्हणजे सगळं त्यांच्या बाजूनं. बरोबर. पण तीनात दोनदा गुण मिळतो असं धरलं, तरी सर्व्हिस घेतानाच्या त्या दोन संधी सलग चुकणं नवातून एकदा घडतंच (तिसरी स्वतःच्या सर्व्हिसवर आली, तर ती जाण्याचीच शक्यता जास्त). नवातून एकदा तर आमच्या नळाला दुपारीसुद्धा पाणी येतं. त्याला कुणी चमत्कार म्हणत नाही, आणि नळाला हिंमत आली असंही म्हणत नाही.

इटलीनं तो सेट २७-२५ घेतला, चौथा २६-२४, पाचवा १७-१५. तिन्ही सेट दोन-दोन गुणांनी. मॅच संपल्यावर मी कागदावर बेरीज केली. जपानचे एकूण गुण ११४, इटलीचे ११३. जास्त गुण जपानचे, आणि घरी जाणारेही जपानच. बेरीज तीनदा तपासली, नंतर मुलालाही तपासायला लावली.

मला जे म्हणायचंय ते इथून पुढं आहे. आपण मराठी माणसं कबड्डीवर वाढलेली. कबड्डीत शेवटची दोन मिनिटं राहिली आणि पाच गुणांची आघाडी असली की काय करतात? वेळ काढतात. चढाईला जायचं, दोन पावलं आत टाकायची, हात हलवायचे, रिकामं परत यायचं. लोक शिट्ट्या मारतात, पण तो खेळाचाच भाग आहे. फुटबॉलमध्ये कोपऱ्यात बॉल घेऊन उभे राहतात. कसोटीत तर दिवसभर नुसतं खेळून काढायलाही इज्जत आहे. व्हॉलीबॉलला घड्याळच नाही. तुम्ही दोन सेट पुढं असा, तीन मॅच पॉइंट हातात असोत, शेवटचा गुण तुम्हालाच घ्यावा लागतो आणि तोपर्यंत कुणी शिट्टी वाजवून तुम्हाला सोडवणार नाही. बॉल धरून ठेवता येत नाही, एकाच खेळाडूला लागोपाठ दुसऱ्यांदा हात लावता येत नाही, तीन टोल्यांत पलीकडं पाठवावाच लागतो. प्रत्येक सेटला अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन टाइमआउट, तेवढीच काय ती विश्रांती. आघाडी सांभाळणं नावाची गोष्टच या खेळात नाही. आणि ज्या खेळात आघाडी सांभाळता येत नाही, त्यात 'आघाडी घालवली' हा आरोप मला कळत नाही.

आणि हा शब्द आपण कसा वापरतो तेही बघा. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊ एशियाडमध्ये आपला संघ दक्षिण कोरियाविरुद्ध उतरला. कोरिया १९६६ पासून एकाही एशियाडमधून पदकाशिवाय परतलेला नव्हता. आपण पहिला सेट २५-२७ हरलो, दुसरा २९-२७ काढला, आणि पाचवा घेतला १७-१५. इटलीनं जपानविरुद्ध घेतला तोच आकडा. तेव्हा माझ्या याच ग्रुपवर काय होतं? 'झुंजार!', 'वाघ!', ढालतलवारीचे स्टिकर. कोरिया चोक झालं असं एकानंही म्हटलं नाही. म्हणजे आपण जिंकलो तर पराक्रम आणि लांबचा कुणी हरला तर भित्रा, असा हिशेब आहे होय? (पुढं आपण जपानकडून आणि मग पाकिस्तानकडून सरळ सेटमध्ये हरलो, सहावे आलो. तेव्हा ग्रुपवर शांतता होती. क्रिकेटचा मोसम होता.)

जपाननं स्वतः हेच एकदा दुसऱ्याला केलंय. १९७२, म्युनिक ऑलिंपिक, उपांत्य सामना. बल्गेरियानं पहिले दोन सेट घेतले होते, जपाननं पुढचे तीन घेतले आणि मग अंतिम सामन्यात पूर्व जर्मनीला हरवून सुवर्ण नेलं. जपानच्या पुरुषांचं ऑलिंपिकमधलं हे एकमेव सुवर्ण. यासुताका मात्सुदैरा हे त्या संघाचे प्रशिक्षक. आज आपण ज्याला शॉर्ट बॉल म्हणतो तो नेटजवळचा झटपट टोला, किंवा एकानं खोटी उडी मारायची आणि मागून दुसऱ्यानं मारायचं, ही सगळी जुगाडं उंची कमी असलेल्या संघासाठी त्यांनी बसवली. पण बसवून काय होतं, चालवायला लिफ्टर लागतो. तो होता कात्सुतोशी नेकोदा. टोकियो, मेक्सिको, म्युनिक, माँट्रियल, चार ऑलिंपिक खेळला. कांस्य, रौप्य, सुवर्ण, आणि शेवटी चौथा. १९८३ मध्ये कॅन्सरनं गेला, वय ३९. तरुणपणी मला हे नावही माहीत नव्हतं. आमच्याकडं स्मॅशरची नावं पोचायची. लिफ्टरचं नाव कशाला पोचतंय.

लिफ्टरचं दुखणं लिफ्टरलाच कळतं. संघाच्या जवळजवळ प्रत्येक हल्ल्यात बॉल त्याच्या बोटांतून जातो, आणि लोक बघतात तो पुढचा टोला. २४-२१ ला जगातल्या कुठल्याही लिफ्टरच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, द्यायचा कुणाला? ज्याचा हात आज चालतोय त्याला द्यावा तर समोरच्यांनाही ते माहीत असतं. दुसऱ्याला द्यावा आणि तो चुकला, तर रात्रभर झोप नाही. पाऊण सेकंद असतो विचार करायला, तोही धावताना.

मला हे माहीत आहे कारण माझंही एक २४-२१ आहे. फरक एवढाच की तेव्हा सेट पंधराचा होता.

१९९३ की ९४. दिवाळीनंतरची थंडी. तालुक्याच्या गावी हायस्कूलच्या मैदानावर रात्रीच्या स्पर्धा. फक्कीच्या रेषा, चार हॅलोजन, त्यातला एक सारखा विझायचा. बाकावर बाक चढवून त्यावर अंपायर. अंतिम सामना, तीनातले दोन सेट. तिसऱ्यात आम्ही १३-९ पुढं. तेव्हाचा नियम आताच्या पोरांना सांगावा लागतो. सर्व्हिस तुमची असेल तरच गुण, नाहीतर अंपायर नुसता हात फिरवून म्हणणार, 'सर्व्हिस ओव्हर.' एकेका गुणासाठी सहा-सहा, आठ-आठ वेळा सर्व्हिस इकडून तिकडं. रॅली पॉइंट, म्हणजे सर्व्हिस कुणाचीही असो, गुण मिळणारच, आमच्याकडं नंतर आला, नव्वदचं दशक संपता संपता. जुना नियम बरा होता असं म्हणणारे म्हातारे अजून आहेत. मी त्यांच्यातला नाही. त्या नियमात हरायलाही दीड तास लागायचा.

दव पडलेलं. चामड्याचा बॉल साबणाच्या वडीसारखा. प्रत्येक सर्व्हिसआधी मी तळवे चड्डीला पुसत होतो. नेटला मधे एक नवखा पोरगा होता, अकरावीतला, काटक. माझ्याकडं बघून बोटं वर करायचा, शॉर्ट दे, शॉर्ट दे. त्या सेटमध्ये मी त्याला दोनदा दिला असेल. बाकी सगळं आमच्या डावखुऱ्याला. तिथवर त्यानंच आणलं होतं ना. पण समोरच्यांनाही डोळे होते. त्याच्यापुढं दोघं-दोघं ब्लॉकला उभे राहायला लागले. १३-११. १३-१३. मी तरी त्यालाच. १३-१४. शेवटचा बॉल माझ्या अंगठ्यावरून घसरला आणि नेटच्या फार जवळ गेला. त्याला हात मागं घ्यायलाच जागा नव्हती. त्यानं ढकलला, समोरच्या तळव्यावर आपटून तो आमच्याच बाजूला पडला. रेषेवर. फक्की उडालेली अजून दिसते मला.

परतीच्या टेम्पोत कुणी बोललं नाही. डावखुरा समोर बसला होता, गुडघ्यांत बॉल धरून. मला वाटत होतं त्यानं एक शिवी द्यावी. दिली नाही.

तेव्हा कुणी मला चोकर म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, बाबा, घाबरलो नव्हतो. घाबरलेला माणूस बॉलपासून लांब पळतो, मी पळालो नाही. मी एका माणसावर जरा जास्त विश्वास टाकला आणि बॉल ओला होता. यातली दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा मोठी होती की छोटी, हे तीस वर्षांत माझं ठरलेलं नाही.

इटलीला त्या दिवसाचं काय मिळालं तेही बघून घ्या. उपांत्य फेरीत फ्रान्सकडून ०-३, कांस्यपदकासाठी अमेरिकेकडून ०-३. हात हलवत परत. त्यांच्या पुरुषांना ऑलिंपिक सुवर्ण आजवर एकदाही मिळालेलं नाही, तीन रौप्य आणि तीन कांस्य मात्र आहेत. आणि ज्या फ्रान्सनं त्यांना उडवलं, तो फ्रान्स त्याच ५ ऑगस्टला जर्मनीविरुद्ध दोन सेट मागं पडून जिंकलेला. तो पुढं पोलंडला सरळ सेटमध्ये हरवून सुवर्ण घेऊन गेला. म्हणजे एकाच दिवशी, एकाच फेरीत दोन संघ ०-२ वरून उठले. त्यातल्या एकाला सुवर्ण आणि एकाला काहीच नाही. आता यात हिंमत कुठं मोजायची आणि नशीब कुठं, ज्याला जमेल त्यानं मांडावं.

अजून एक गंमत. ऑलिंपिक संपलं आणि इशिकावा इटलीतल्या पेरुजा क्लबकडून खेळायला गेला. तिथला सेटर कोण? जानेल्ली. ज्यानं पॅरिसमध्ये त्याच्याविरुद्ध पाच सेट बॉल चढवले, तोच आता त्याला बॉल चढवून देत होता. २०२५ च्या मे महिन्यात दोघांनी मिळून युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकली, तीही पाच सेटमध्ये. त्याच सप्टेंबरात फिलिपिन्समध्ये विश्वविजेतेपद स्पर्धा झाली. जानेल्लीची इटली विश्वविजेती झाली आणि जपान गटातच बाद. क्लिप टाकणाऱ्यांनो, जरा तेही टाकत जा.

आमचा डावखुरा गेल्या मे महिन्यात एका लग्नात भेटला. पोट सुटलंय, खांदा वर जात नाही. दोघं ताटं घेऊन खुर्च्या शोधत होतो. मधेच, कशाचा काही संदर्भ नसताना, म्हणाला, "तो बॉल जवळ होता रे."

म्हटलं, "होता."

"पण मारायला पाहिजे होता मी."

मी काही बोललो नाही. तेवढ्यात तो मधला पोरगा दिसला, पन्नाशीला आलेला, टक्कल पडलेलं, वधूपक्षाकडून वाढायला फिरत होता. डावखुऱ्यानं त्याला हाक मारली, म्हणाला, "याला विचार, तुला शॉर्ट का दिला नाही त्या मॅचला."

त्यानं जिलबीचं ताट एका हातावर घेतलं, थोडा वेळ आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं, आणि अगदी खरं विचारलं, "कुठल्या मॅचला?"

डावखुऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावला.