पोरगं गणितात हुशार निघालंय? घाबरू नका, बरं होतं

आधी खात्री करून घ्या, कारण कधी कधी नुसताच आगाऊपणा असतो. खरी लक्षणं म्हणजे पोरगं गाडीवर मागं बसून पुढच्यांच्या नंबरप्लेटी भागत बसतं, भडंगाच्या दुकानात आपण पाकीट काढायच्या आत सुटे किती परत येणार ते सांगून मोकळं होतं, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. सांगलीत ऑगस्टमध्ये मोठी माणसं मोबाईलवर एकच आकडा बघत असतात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती, 40 फूट इशारा, 45 धोका, सामान माळ्यावर टाकायचं का नाही. आमची धाकटी तेव्हा तिसरीत. म्हणते, "पप्पा, सकाळी सहाला 36 होतं, नऊला साडेसदतीस, म्हणजे तासाला अर्धा फूट, मग 45 रात्री बाराला ना?" मी म्हटलं हो हो, तुझं दप्तर वर ठेव. तर पुढं, "पण नदी वर वर रुंद होत जाते ना, मग तेवढंच पाणी आलं तरी फूट कमी वाढणार की?"

इथं माझी पहिली चूक झाली. मी थांबलो आणि विचार केला. तुम्ही अजिबात करू नका, "बॅग भर आधी" म्हणायचं आणि विषय संपवायचा.

शाळेवर मात्र विश्वास ठेवा, निम्मं काम तिथंच होतं. पोरानं दहा गणितं पाच मिनिटात सोडवली तर त्याला काय द्यायचं? बरोब्बर, तसलीच अजून दहा. ती पण झाली तर फळा पुसायला लावायचं, वह्या वाटायला लावायच्या, मॉनिटर करून बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावायची. महिन्याभरात त्याला कळतं की लवकर संपवलं की शिक्षा आहे, मग ते आपोआप पेन्सिलीला टोक काढत पाऊण तास घालवायला शिकतं. बाई कौतुकानं सांगतात, आता अगदी शांत झालाय हो. वर्गात साठ पोरं असतील तर बाईंना तरी काय बोलणार म्हणा, त्यांना त्यात जनगणना आणि निवडणुकीची कामं.

आमच्याकडं प्रकरण वजाबाकीवरनं चिघळलं. 52 वजा 25. रीत अशी की दोनातून पाच जात नाहीत, शेजाऱ्याकडून एक उसना घ्या, बारातून पाच गेले सात. हिनं लिहिलं, दोनातून पाच गेले, तीन खाली राहिले, पन्नासातून वीस गेले तीस, तिसातून तीन गेले सत्तावीस. उत्तर बरोबर, वर लाल पेनानं "रीत?" आणि अर्धा मार्क कट. मी विचारलं, खाली राहिले म्हणजे काय गं? तर म्हणाली, घाटावर नाही का, आपण पाण्याच्या वर दुसऱ्या पायरीवर उभं असलो आणि पाच पायऱ्या उतरलो तर तीन पायऱ्या पाण्यात जातो की.

आता सांगा, अशा पोरीचं करायचं काय?

लोक अॅबॅकसला घालतात. उत्तम उपाय. ज्या पोराला नदीची रुंदी दिसते त्याला मण्यांवर बोटं फिरवत मिनिटात किती बेरजा होतात ते मोजायला लावायचं, जे काम पाचशे रुपयाचा कॅल्क्युलेटर न दमता करतो. वर ट्रॉफी मिळते, ती पोरापेक्षा उंच असते, फोटो छान येतो.

पण रामबाण म्हणाल तर स्कॉलरशिप. पूर्वी चौथी-सातवीला होती, मग 2017 पासनं पाचवी-आठवीला गेली, आता परत चौथी-सातवीकडं निघालीय, तेवढं सोडा, क्लासवाल्यांना सगळं माहिती असतं. महत्त्वाचं काय तर एका पेपरला 75 प्रश्न, वेळ दीड तास. भागून बघा, एका प्रश्नाला 72 सेकंद येतात. म्हणजे 72 सेकंदात जे सुटत नाही ते सोडून पुढं पळायचं, हे संस्कार नवव्या-दहाव्या वर्षी पक्के झाले की पोरगं आयुष्यात परत कुठल्या प्रश्नापाशी रेंगाळत नाही. आणि "असं का?" विचारायला तर चार पर्यायात जागाच नाही.

घरात आजोबा असतील तर त्यांनाही कामाला लावा. आमच्या अण्णांची पावकी, निमकी, औटकी सगळी तोंडपाठ. परवा नातीला विचारलं, साडेतीन सत्ते? ती म्हणाली, सात सत्ते एकोणपन्नास, त्याचं निम्मं साडेचोवीस. अण्णा नाराज. "हे काय उत्तर काढणं झालं? पाठ पाहिजे." तिकडं 2019 ला दुसरीच्या पुस्तकात एकवीस म्हणायचं का वीस एक यावर अख्खा महाराष्ट्र टीव्हीवर भांडला, त्यात अण्णा आघाडीवर होते. एकवीसचं पुढं पोरांनी काय करायचं यावर कुणी भांडल्याचं आठवत नाही.

काही अतिशहाणे म्हणतील, थेट वरच्या वर्गात बसवा. मी विचारून आलो. वय बसत नाही, ऑनलाइन सिस्टिम घेत नाही, आणि घेतलं तरी तिथं तीच वजाबाकी चार आकड्यांची आहे.

एका माणसापासून मात्र पोरं लांब ठेवा. दत्तात्रेय कापरेकर. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर होते, पीएचडी नाही काही नाही, नुसतं आकड्यांचं वेड. मला दुर्बुद्धी झाली आणि मी त्यांचा 6174 लाईट बिलाच्या पाठीमागं करून दाखवला. कुठलाही चार आकडी नंबर घ्या, चारी अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहान मांडा, त्यातून उलटे मांडून वजा करा, आलेल्याचं परत तेच, अंक कमी पडला तर आधी शून्य लावून. 3524 घेतला तर 5432 वजा 2345, आले 3087. मग 8352. मग 6174. आणि तिथून पुढं कितीही वेळा करा, 6174 च. जास्तीत जास्त सात वेळात तिथं पोचतंच.

झालं. पंधरा दिवस पोरगी जेवायला दोन हाका मारल्याशिवाय येईना. तीन अंकी करून बघितले, ते सगळे 495 ला येऊन थांबले. दोन अंकी थांबेचनात, 81, 63, 27, 45, 09 आणि परत 81, असं रिंगण. त्यावर बाईसाहेबांना दिसलं की सगळे नवाच्या पाढ्यातले आहेत. रात्री साडेदहाला उठून विचारायला आली, नवाचेच का? मला येत नव्हतं. "मोठी झालीस की कळेल" म्हटलं, लाईट बंद केला. खोटं कशाला सांगू, त्या पंधरा दिवसात ती जेवढी खुश होती तेवढी ट्रॉफी घेतानाच्या फोटोत पण नाहीये.

पण आपण बापमाणूस, मन घट्ट केलं. क्लास लावला, रोज वीस वजाबाक्या रीतीप्रमाणं, घड्याळ लावून. आणि सांगायला आनंद वाटतो की या सहामाहीला गणितात पैकीच्या पैकी पडले. कुठंही लाल पेन नाही. पेढे आणले, अण्णांनी स्वतःच्या हातानं भरवला.

संध्याकाळी तिला घेऊन घाटावर गेलो. पाणी उतरलेलं होतं, पायऱ्यांवर गाळ वाळून तडकला होता. दुसऱ्या पायरीवर उभं राहिलो, म्हटलं, सांग बघू, इथनं पाच पायऱ्या उतरलो तर?

तिनं पाण्याकडं बघितलंसुद्धा नाही. "दोनातून पाच जात नाहीत पप्पा. शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा."

शेजारी कणीसवाला उभा होता.