टांग टाकायला जागा नाही

दुकानातली ढकलगाडी ही फार कपटी वस्तू आहे. तिच्यात काहीही टाका, ती ब्र काढत नाही. हातात टोपली असली की तिसऱ्या-चौथ्या वस्तूलाच दंड कुरकुरायला लागतो, पण ढकलगाडीला दंडच नसतो. 1937 साली अमेरिकेतल्या एका दुकानमालकाच्या लक्षात आलं, की टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी आवरतं घेतं. म्हणून त्याने टोपलीला चाकं बसवली. हुशार माणूस. फक्त, एखादं गिऱ्हाईक परत जाताना सायकलवर असेल, हे त्याच्या मनात आलं नसावं.

मी निघालो होतो दोन लिटर दूध आणायला. बिल देऊन बाहेर आलो तेव्हा माझ्यापुढे होतं ते असं: तांदूळ 5 किलो, कलिंगड 4, बटाटे 3, दूध 2 लिटर, तेल 1 लिटर, डझनभर अंडी आणि एक पाव. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे लिटरभर तेल किलोला थोडं कमीच भरतं, एवढाच काय तो दिलासा. तरी बेरीज 16 किलोंच्या आसपास गेली. माझी सायकलही साधारण तेवढ्याच वजनाची आहे. म्हणजे मला एका सायकलवर दुसरी सायकल लादून न्यायची होती, आणि त्यावर मी बसायचं होतं.

कॅरियरचा स्प्रिंगवाला चिमटा वर्तमानपत्र धरण्यासाठी बनवलेला असतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. तांदळाच्या पिशवीला तो चावतो, धरत नाही. शेवटी तांदळावर बटाटे ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीने सगळं आवळलं. डाव्या हँडलला कलिंगड, उजव्याला दूध, तेल आणि वर पाव. अंडी पाठीवरच्या सॅकमध्ये. हे चालू असताना सायकल स्टँडवर उभी आहे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पुढचं चाक हळूच मान वळवतं आणि सगळा डोलारा अंगावर येतो. मी सीटला मांडी लावून, हँडलवर पोट टेकवून, एका पिशवीचे बंद दातांत धरून उभा होतो. त्या अवस्थेत एका सभ्य गृहस्थांनी मला किती वाजले ते विचारलं.

आता बसायचं. इतकी वर्षं मी मागून टांग टाकून बसत आलो. आज मागे बटाट्यांचा डोंगर. पाय उचलला, तो बटाट्यांना लागला आणि जिथून निघाला तिथेच परत आला. मग सायकल कलती करून पुढच्या दांडीवरून पाय नेला, तेव्हा कलिंगड डुलायला लागलं. कलिंगड एकदा डुलायला लागलं की त्याची समजूत काढता येत नाही.

2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी सायकल तोल कसा सांभाळते यावर एक शोधनिबंध लिहिला. पुरेसा वेग दिला तर सायकल माणसावाचूनही काही काळ सरळ धावते, कारण ती ज्या बाजूला कलते त्याच बाजूला तिचं हँडल आपोआप वळतं. सायकलला माझी गरज नाही हे मला मान्य आहे. पण त्या हँडलला दोन्हीकडून पिशव्या लटकल्या की त्याला कळेनासंच होतं की आपण कोणत्या बाजूला पडतो आहोत. मी उजवीकडे वळवलं की कलिंगड आधी विचार करायचं, मग यायचं, आणि आलं की थांबायचं नाही. शिवाय प्रत्येक पेडलला डावा गुडघा त्याला टक्कर द्यायचा. उजवीकडची पिशवी पुढच्या चाकाच्या तारांना घासून खर्रर्र असा आवाज काढत होती. लोकांना वाटलं असेल, मोटर बसवली आहे.

वाटेत एक जुना मित्र दिसला. त्याने हात हलवला. मी हात सोडला असता तर थेट त्याच्या पायांशीच गेलो असतो. हसून मान हलवावी म्हटलं, तर सॅकमधली अंडी आठवली. मी त्याच्याकडे नुसते डोळे वटारून पाहत पुढे गेलो. त्याला काय वाटलं असेल, हा विषय मी अजून काढलेला नाही.

घर आलं. उतरलो, पण हँडल सोडता येईना. सोडलं की पडणार. हाक मारायला दम उरला नव्हता. म्हणून सायकलची घंटी वाजवली, वाजवतच राहिलो. शेजारच्या तीन खिडक्या उघडल्या, शेवटी आमचीही. बायको खाली आली, माझ्याकडे पाहून तिला खरोखर दया आली आणि मदत म्हणून तिने सगळ्यात जड पिशवी आधी उचलली. डावीकडची.

"ती नको!" मी ओरडलो, पण कलिंगड तोवर तिच्या हातात होतं आणि सायकल उजवीकडे निघाली होती.

अंडी बाराच्या बारा शाबूत निघाली. दुधाच्या पिशव्याही फुटल्या नाहीत. त्यांच्या खाली पाव होता.